पावसाळ्याआधीचा बंदोबस्त: १४ फुटी फायबर होडी, १० एचपी आउटबोर्ड (होडीच्या मागे बसवायचं इंजिन)

होडी रत्नागिरीहून ट्रेलरवर कोल्हापुरात आली आहे. १ जून ते ३१ जुलै समुद्रात यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी, त्यानंतरही पाऊस ओसरेपर्यंत ती हलणार नाही. परदेशी पुस्तिकांत पाणी गोठून ब्लॉक फुटतो म्हणून अँटीफ्रीझ भरायला सांगतात. आपल्याकडे पाणी गोठत नाही. नुकसान करतो तो चार महिन्यांचा दमटपणा. कामं त्या हिशेबानंच लावली आहेत.

फ्लशिंग झालं. पंखा काढून, मफ (पाणी आत घेणाऱ्या जाळीवर बसणारे, नळ जोडायचे रबरी कप) लावून, गोड्या पाण्यावर १५ मिनिटं आयडलला इंजिन चालवलं. आधी नळ सुरू करायचा, मग इंजिन. बंद करताना उलट. कोरड्यात फिरला तर इंपेलर, म्हणजे थंड करायचं पाणी खेचणारं रबरी चक्र, लगेच खराब होतो. मागची पाण्याची धार बारीक वाटली तर तिच्या तोंडात मीठ साचलेलं असतं. जाड तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) आत सारला की मोकळी होते.

पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. पाणी वाढलं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर धरतात आणि नळी नेमका तोच उचलते. म्हणून टाकी रिकामी केली. फोर-स्ट्रोकचं पेट्रोल ऑइल न मिसळलेलं असतं, ते ताजं असतानाच गाडीत संपवावं. पाणी चालू ठेवून, इंधनाची नळी काढून इंजिन आपोआप बंद पडू दिलं. तरी कार्बोरेटरच्या फ्लोट बाउलमध्ये (पेट्रोल साठतं त्या वाटीत) थोडं उरतंच, ते खालचा स्क्रू सैल करून काढलं. हे राहिलं तर जेटमध्ये (पेट्रोलच्या बारीक भोकात) चिकट थर बसतो. मग प्लग काढून दोन्ही सिलिंडरमध्ये ५-५ मिली इंजिन ऑइल सोडलं आणि इंजिन सुरू होऊ नये म्हणून किल स्विचची क्लिप काढून दोरी हलकेच चार-पाच वेळा ओढली.

गिअर ऑइल मात्र सावकाश बघण्यासारखं. इंजिन रात्रभर उभं ठेवून आधी खालचा स्क्रू जरासा सैल करायचा. पाणी शिरलेलं असेल तर ते जड असल्यानं पहिलं तेच येतं. ऑइल दुधाळ निघालं तर सील गेलं समजा, आणि पंख्यामागे शाफ्टला गुंडाळलेला तंगूस आहे का ते आधी तपासा. तोच सील कापतो. नवं ऑइल खालच्या भोकातून, वरून बाहेर येईपर्यंत भरायचं, म्हणजे आत हवा अडकत नाही. आधी वरचा स्क्रू बसवायचा, मग खालचा. दोन्ही वॉशर नवे.

ट्रेलरच्या बेअरिंगकडे आपल्याकडे दुर्लक्ष होतं. आंबा घाट उतरताना हब (चाकाचा बेअरिंग बसलेला मधला भाग) तापतात. तसेच गरम हब समुद्राच्या पाण्यात बुडवले की आतली हवा आकसते आणि सीलमधून खारं पाणी आत ओढलं जातं. पाण्यात नेण्याआधी हब हाताला गार लागेपर्यंत थांबायलाच हवं. आता दोन्ही हब उघडून रॉकेलनं धुतले, वाळवून मरीन ग्रीस भरलं, सील बदलले.

ट्रेलर अ‍ॅक्सलखाली चिरे देऊन उचलला आहे. काळ्या मातीत चिरा रुततो, म्हणून खाली फळी. नाळ (होडीचं पुढचं टोक) वर, तळाचा बूच काढलेला, आणि तो बूच स्टार्टरच्या दोरीला बांधलेला, म्हणजे विसरून होडी पाण्यात जाणार नाही. ताडपत्रीखाली मधोमध बांबूचं आढं घातलं. एक चौरस मीटरवर १० सेंटीमीटर पाणी तुंबलं तरी १०० किलो वजन पडतं. दोन्ही टोकं हवेला उघडी, त्यांना उंदरांसाठी बारीक जाळी.

ज्यांची होडी पंचगंगेच्या पूरपट्ट्यात आहे त्यांनी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी आली की ट्रेलर हलवावा. ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट पाहिली तर रस्ते मिळत नाहीत.

बाकी आहे: अ‍ॅनोड म्हणजे इंजिनाऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा बदलणं (समुद्र आणि धरण दोन्हीकडे जायचं असेल तर जस्तापेक्षा अ‍ॅल्युमिनियमचा घ्या, गोड्या पाण्यात जस्तावर थर धरून ते निकामी होतं), आणि फिशफाइंडरची बॅटरी घरात आणणं. ती १२.४ व्होल्टखाली गेली की लगेच चार्जिंगला लावायची.