पन्हाळ्यावर उंची बघायला

पन्हाळ्याला माणसं शिवाजी महाराजांसाठी जातात, पावसाळ्यात धुक्यासाठी जातात, झुणका-भाकरीसाठीही जातात. मी गेले ती कडा बघायला. माझं कमरेखालचं शरीर माझ्या ताब्यात नाही, छातीच्या दहाव्या मणक्याला झालेल्या दुखापतीपासून चाकाची खुर्ची हेच माझं चालणं. आणि गेली काही वर्षं डोक्यात एकच विषय आहे, बेस जंपिंग. विमानातून उडी न मारता इमारत, मनोरा, पूल किंवा कडा अशा एका जागी उभ्या असलेल्या उंचीवरून पॅराशूट घेऊन झेपावायचं. अमेरिकेतल्या कार्ल बोनिशने 1978 मध्ये योसेमिटीतल्या एल कॅपिटन कड्यावरच्या उड्यांचं चित्रण केलं आणि तिथून हा खेळ जगाला कळला. हाच कार्ल 1984 मध्ये नॉर्वेतल्या एका कड्यावरून उडी मारताना गेला. या खेळाबद्दल कुणाशीही बोलताना ही गोष्ट मी कधी गाळत नाही.

माझा मावसभाऊ कोल्हापुरात शुक्रवार पेठेत राहतो, बांधकामावर इंजिनिअर आहे. त्याला फोन केला तर म्हणाला, "आक्का, ये की तू. कडा दाखवतो. पण उडीबिडीचं काही काढायचं नाही बघ." म्हटलं, नुसतं बघायचंय, आणि एक प्रयोग करायचाय. प्रयोग म्हटल्यावर त्याचा सूर बदलला.

जानेवारीचे दिवस होते. पन्हाळ्याच्या वाटेवर शिवाजी पूल लागतो, तिथे मी गाडी बाजूला घ्यायला लावली. पंचगंगा संथ होती. खाली घाटावर कपडे धुणं चाललं होतं. पूर आला की पेठेतली पट्टीची पोरं याच जुन्या पुलावरून पाण्यात सूर मारतात, हे भावाने अभिमानाने सांगितलं. पॅराशूटच्या दृष्टीने ही उंची काहीच नाही. वरून सोडलेली वस्तू पहिल्या सेकंदात सुमारे 16 फूट खाली येते, दोन सेकंदांत 64, तीन सेकंदांत 144. छोटं पायलट शूट हवेत फेकायचं, त्याने मोठी कॅनोपी, म्हणजे पॅराशूटचं मुख्य कापड, ओढून काढायची, तिच्यात हवा भरायची, आणि मग उतरायची दिशा धरायची. या सगळ्याला जागा लागते. विमानातून उडी मारणारा काही हजार फुटांवर पॅराशूट उघडतो आणि त्याच्या पाठीवर दुसरं राखीवही असतं. बेसवाल्याकडे बहुधा एकच असतं, कारण दुसरं उघडायला वेळच उरत नाही.

तिथे पुलावरच भावाला मी लॉनी बिसोनेटची गोष्ट सांगितली. हा कॅनडाचा. अमेरिकेत आयडाहोमधल्या ट्विन फॉल्सजवळ स्नेक नदीवर पेरिन पूल आहे, पाण्यापासून 486 फूट. वर्षभर, वेगळी परवानगी न काढता तिथून उडी मारता येते, म्हणून जगभरचे लोक तिथे शिकायला जातात. 2004 मध्ये त्या पुलावरून कोलांट्या घेत उडी मारताना लॉनीचा पाय पॅराशूटच्या दोऱ्यांत अडकला. पॅराशूट नीट उघडलं नाही, तो नदीवर आदळला आणि त्याचे पाय लुळे पडले. पुढे तो त्याच पुलावर परत आला आणि त्याने पुन्हा उडी मारली. नंतर खुर्चीत बसून, खुर्चीसकट उड्या मारल्या. भावाने बराच वेळ नदीकडे बघितलं आणि विचारलं, "आणि उतरतो कसा?"

इतक्या लोकांशी या विषयावर बोलले, पण पहिलाच प्रश्न हा विचारणारं माणूस मला फार क्वचित भेटलं. बाकी सगळे हिमतीचं विचारतात. भीती नाही का वाटत, घरचे काय म्हणतात, कशाला हे. हवेतल्या त्या चार-पाच सेकंदांत कुणाचेच पाय चालत नाहीत. चालणाऱ्या माणसाचे पाय कामाला येतात ते कड्याच्या टोकाशी, झेप घ्यायला आणि अंग तोलायला, आणि शेवटी जमिनीवर, धावून वेग जिरवायला. माझ्यासारखीने सगळा विचार या दोन टोकांचा करायचा असतो.

केर्ली गेलं, वाघबीळचा चढ आला. पन्हाळ्याची एक मोठी सोय अशी की गाडी थेट गडात जाते, आत नांदतं गाव आहे. गड समुद्रसपाटीपासून 3,000 फुटांहून उंच, आणि सात किलोमीटरहून लांब तटबंदीपैकी निम्मी म्हणजे नैसर्गिक कडाच, वरून नुसती भिंत चढवलेली. 1660 मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज निसटले तो हा गड. बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी थोडं थांबलो, नमस्कार केला. जुलै 2025 मध्ये मराठा गडकोटांना जागतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली, त्या 12 किल्ल्यांत पन्हाळा आहे. अशा जागेवरून कुणी उडी मारू नये असंच माझं मत आहे. मला इथे फक्त नजर तयार करायची होती.

सज्जा कोठीपाशी पायऱ्यांनी खुर्ची अडवली. भाऊ आणि त्याचा गिर्यारोहक मित्र मला उचलणार होते, तेव्हा आधी शिकवणी घेतली. हात खुर्चीच्या सांगाड्याला घालायचे, हातांचे टेकू निघून येतात म्हणून ते धरायचे नाहीत, चाकांना हात लावायचा नाही, एकाने मागून, एकाने पुढून, आणि मी "चला" म्हटल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. नीट नेलं दोघांनी. वर पूर्वेची दरी उघडी आहे, खाली उसाचे हिरवे तुकडे आणि मधूनच गुऱ्हाळांचा धूर. तो धूर मी बराच वेळ बघत होते. खालचा धूर एका बाजूला झुकलेला, आणि माझ्या ओढणीला मात्र वेगळ्याच दिशेने वारा लागत होता. बेसवाला हेच बघतो. पाठीमागून कड्याबाहेर ढकलणारा वारा आणि समोरून कड्यावर चढणारा वारा यांत जीव जाण्याइतका फरक असतो, कारण पॅराशूट उघडताना तोंड कड्याकडे फिरलं तर सावरायला एखादा सेकंद मिळतो.

कडा तरी कसला आहे ते मग निवांत न्याहाळलं. आपला सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला. मधले मऊ थर झिजतात, कठीण थर तसेच राहतात, म्हणून कडा टप्प्याटप्प्याने उतरतो. थोडा सरळ, मग गवताचा उतार, झाडी, परत थोडा सरळ. उडी मारणाऱ्याला हवा असतो तो सलग तुटलेला, जमलं तर वरून पुढे झुकलेला कडा. मधला प्रत्येक टप्पा म्हणजे आदळायची जागा, आणि ज्याला पायाने ढकलून लांब झेप घेता येत नाही त्याला तर जास्तच. मित्र म्हणाला, "म्हणजे पूल बरा." पूल बराच. पुलाखाली मोकळी हवा असते आणि पेरिनसारखा पूल असेल तर खाली पाणी.

प्रयोग त्या मित्राच्या शेतात होता, गडाच्या पायथ्याला. बांधावर जुनं चिंचेचं झाड, एक फांदी सरळ आडवी गेलेली. तिला त्याने दोर आणि कप्पी बांधली, मला खांदे, छाती आणि मांड्या धरणारा पूर्ण हार्नेस घातला आणि खुर्चीतून वीतभर उचललं. वीतभरच. पण जे बघायचं होतं ते तेवढ्यात दिसलं. माझा उजवा पाय स्पॅझममध्ये, म्हणजे स्नायू आपोआप आखडून, ताठ होऊन पुढे आला, डावा लुळा लोंबत राहिला, आणि मी सावकाश डावीकडे फिरायला लागले. मोकळ्या हवेत, वेगात, हेच फिरणं पॅराशूटला भलत्या दिशेला उघडायला लावू शकतं. भावाने गुडघ्यांच्या वर आणि घोट्यांपाशी पाय एकत्र बांधले. बांधल्यावर फिरणं जवळजवळ थांबलं, पण अंग मागे रेललं. मग छातीचा पट्टा आवळला, मांड्यांचे ढिले केले, परत उचललं.

दर वेळी खाली उतरवल्यावर वहिनी मला घरात नेऊन मांड्या तपासायच्या. पट्ट्याखाली लाल वळ उठला होता. त्यावर बोट दाबायचं, काढायचं. कातडी पांढरी होऊन परत लाल झाली तर रक्त खेळतंय, लालच राहिली तर जखमेची सुरुवात. मला तिथलं काही कळत नाही, म्हणून दुसऱ्याचं बोट हवं. माझी पांढरी होऊन लाल होत होती. तरी वळ पूर्ण जाईपर्यंत मी पुन्हा लटकले नाही. ज्यांची दुखापत छातीच्या सहाव्या मणक्याला किंवा त्याच्या वर आहे त्यांना आणखी एक धोका. आवळलेला पट्टा किंवा मुडपलेली लघवीची नळी एवढ्यानेही रक्तदाब एकदम भडकू शकतो. त्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय हार्नेस अंगाला लावू नये.

उतरायच्या प्रश्नावर रात्री जेवताना बोललो. वजन न पडल्याने पायांची हाडं ठिसूळ होतात, मोडली तरी दुखत नाही, सूज आली किंवा स्पॅझम वाढला की शंका घ्यायची. त्यामुळे जमिनीवर उतरायचं तर गुडघे वर ओढून बसत्या अंगाने घसरत, मऊ गवतावर. पाण्यात उतरायचं तर जीवरक्षक जाकीट अंगात आणि बोट आधीच तयार, कारण ओली कॅनोपी आणि दोऱ्या अंगाभोवती गुंडाळल्या तर पायांनी झटकता येत नाहीत. आणि खुर्ची खाली कुणी आणून ठेवायची हेही आधी ठरलेलं हवं.

कोल्हापुरात या गोष्टी मला मोकळेपणाने बोलता आल्या, याला कारण आहे. नसीमा हुरजूक यांचं हे गाव. सोळाव्या वर्षी पाय लुळे पडलेल्या या बाईंनी 1984 मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली आणि अपंग मुलांसाठी वसतिगृह, शाळा, रोजगार असं सगळं मांडलं. खुर्चीवरचा माणूस काही मागतोय म्हटल्यावर आधी 'कसं करायचं' हा विचार करणारी माणसं मला इथे जास्त भेटली. ते काम डोळ्यांसमोर वाढलेलं आहे म्हणून असेल, असं मला मनापासून वाटतं.

दुसऱ्या दिवशी अंबाबाईचं दर्शन घेऊन चप्पल लाईनला, कोल्हापुरी चपलांच्या बाजारात गेलो. पाय एकत्र बांधायचा पट्टा शिवून घ्यायचा होता. ज्याच्यावर जीव टांगलेला असतो तो हार्नेस कारखान्याचाच वापरायचा, त्याला सुई लावायची नाही. हा पट्टा फक्त पाय जवळ ठेवणारा. एका वयस्कर कारागिरांनी माझ्या गुडघ्यांभोवती टेप फिरवून माप घेतलं आणि कशासाठी ते विचारलं. सांगितलं सगळं, अगदी पाण्यात उतरायचं सुद्धा. ते म्हणाले, "मग चामडं नको ताई. भिजून वाळलं की आवळतंय. कॅनव्हास घ्या, आतनं फोम लावतो." बंद कसा ठेवायचा यावर मात्र आमचं एकमत होईना. मला पाण्याखाली एका हाताने, एका झटक्यात सुटणारा हवा होता. बक्कल सुटायला वेळ लागतो, नुसता वेल्क्रो स्पॅझमच्या जोराने उघडेल अशी मला भीती. शेवटी वेल्क्रोवरून आडवी पट्टी आणि तिला ओढायला जाड लाल दोरीचा फासा, असं ठरलं.

आधी प्रशिक्षकासोबतची टँडम उडी विमानातून व्हायची आहे. बेस शिकायला घेण्याआधी विमानातल्या साधारण 200 उड्या हव्यात असं जाणते सांगतात, त्यामुळे वाट लांबची आहे. पट्टा तयार झाला की भाऊ तो पंचगंगेच्या घाटावर नेऊन स्वतःच्या पायांना बांधून पाण्यात सोडवून बघणार आहे. पोहणाऱ्या दोन मित्रांना त्याने सोबत थांबायला सांगितलंय.