दुबईत फ्लॅट घेऊ का? तुम्ही विचारलंत म्हणून

सांगलीत टॅक्सची कामं करतो, त्यामुळं हल्ली विट्याच्या गलाईवाल्यांपासून तासगावच्या बागायतदारांपर्यंत ज्याला त्याला हेच विचारायचं असतं, दुबईत फ्लॅट घेतला तर चालतंय का? परवा तुम्हीपण विचारलंत, म्हणून सविस्तर लिहितो. चालतंय की. भीती सगळ्यांना तिकडच्या बिल्डरची वाटते, पण माझ्यासमोर जी लफडी येतात ती बहुतेक इथनं पैसे कसे गेले त्यातलीच असतात.

पैसे बँकेतनंच जायला पाहिजेत, एलआरएसखाली (परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना), माणशी एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत. बायकोची मर्यादापण वापरायची असेल तर खरेदीत तिचं नाव पाहिजे, नुसती तिची सही घेऊन भागत नाही. जमीन तारण ठेवून कर्ज काढू आणि तेच पाठवू म्हणाल तर असल्या कामाला बँकेनं कर्ज द्यायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. आणि कुणी म्हणालं की इथं रोख द्या, तिकडं दिरहम मिळतील, तर चहा पिऊन उठा.

टीसीएसचं, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक कापून घेते त्या कराचं, आधीच सांगतो, कारण ऐनवेळी तोंडं उतरतात. सध्या वर्षाला १० लाखांच्या वर जेवढं पाठवाल त्यावर २० टक्के. म्हणजे ६० लाख पाठवले तर ५० लाखांवर १० लाख बँक वेगळे कापणार. रिटर्नमध्ये ते वळते होतात किंवा परत मिळतात, पण तोवर अडकलेच ना.

आता ते दुबईचे फ्लॅट विकायला हॉटेलात भरणारे एक्स्पो. गार एसी, कॉफी, टेबलावर काचेच्या पेटीत टॉवरचं मॉडेल, आणि टाय लावलेला पोरगा म्हणतो काका आज बुकिंग केलं तरच हा रेट, कार्ड स्वाइप करा. करू नका! क्रेडिट कार्ड फिरायला, खरेदीला ठीक आहे, फ्लॅट हा भांडवली व्यवहार झाला, त्याला ते चालत नाही, आणि पुढं फेमाची, म्हणजे परकीय चलन कायद्याची, नोटीस तुमच्या नावानं येते, त्या पोराच्या नाही.

गंमत बघा, गावात दहा गुंठे घ्यायचे तरी आपण सातबारा, फेरफार, जुन्या वारसनोंदी सगळं खणून काढतो आणि दुबईचं इंग्रजी ॲग्रीमेंट न वाचता सही करतो. तिकडंपण बघायची सोय आहे हो. परदेशी माणसाला ठरावीक फ्रीहोल्ड भागातच मालकी मिळते. बांधकाम चालू असेल तर हप्ता त्या प्रोजेक्टच्या एस्क्रो खात्यातच, म्हणजे त्याच बांधकामासाठी राखलेल्या खात्यातच, भरायचा (२००७ पासून तसा कायदा आहे), आणि ऊकूद म्हणजे तात्पुरती नोंदणी झाली का ते विचारायचं. लँड डिपार्टमेंटची ४ टक्के फी धरूनच हिशोब करा, एजंट ती शेवटी सांगतो. भाव कायम वरच जातो असंही नाही, २००८ च्या मंदीत दुबईत फ्लॅट कसे आपटले होते ते तेव्हा तिथं असलेल्याला विचारा.

घेतल्यावर विसरायचं नाही. दरवर्षी रिटर्नच्या शेड्यूल एफएमध्ये (परदेशातल्या मालमत्तेचा तक्ता) तो फ्लॅट दाखवायचा, भाडं येवो न येवो. नाही दाखवला तर २०१५ च्या काळा पैसा कायद्यात १० लाखांच्या दंडाची तरतूद आहे. भाडं आलं तर तिकडं आयकर नाही म्हणून इथंपण नाही असं समजू नका, इथं भरावाच लागतो. मृत्युपत्रपण तिकडं वेगळं करून ठेवा, नाहीतर पोरं कोर्टात फिरतील.

राहता राहिला तुमचा पुतण्या. तो तिथं नोकरीला आहे, स्वतःच्या पगारातनं त्यानं घेतला तर ही एलआरएसची मर्यादा त्याला नाही, उद्या कायमचा परत आला तरी तो फ्लॅट त्याला ठेवता येतो. पण पैसे तुमचे आणि नाव त्याचं, असं जे तुम्ही हळूच म्हणालात ना, ते मी लिहून देणार नाही. कागदावर फ्लॅट त्याचा, आणि त्याचं लग्न अजून व्हायचंय.