आमची वाटचाल: वागळे इस्टेटचा गाळा आणि बॉलिंग बॉलची भोकं

आमचा गाळा ठाण्यात, वागळे इस्टेटला. बाबांनी घेतला तेव्हा आजूबाजूला सगळ्या शेडमधून लेथचा आवाज यायचा. बाबा जॉबवर्क करायचे, जिग, फिक्श्चर, फ्लँजला भोकं मारून देणं वगैरे. मी डिप्लोमा करून त्यातच शिरलो. पुढे एकेक कंपनी निघून गेली, शेड पाडून काचेच्या बिल्डिंगी उभ्या राहिल्या, आणि आमच्याकडे मिलिंग मशीन होतं, बाबांच्या वेळचे फिटर मामा होते, फक्त ऑर्डर नव्हत्या.

बॉलिंगच्या धंद्यात आम्ही ठरवून आलो असं सांगितलं तर खोटं होईल. क्रिकेटचं नव्हे, टेनपिन बॉलिंग, लांब गुळगुळीत पट्टीवरून, म्हणजे लेनवरून, जड गोळा घरंगळत सोडून टोकाच्या दहा खुंट्या पाडायचा खेळ. एक गृहस्थ स्कूटरच्या पायात खोका ठेवून आले, म्हणाले दादा यात तीन भोकं मारून द्याल का. आत १५ पौंडाचा, म्हणजे पावणेसात किलोचा चकाचक निळा गोळा, बाहेरून मागवलेला. मी म्हटलं भोकं काय, आपण रोज मारतो, उद्या या. मामांनी फक्त विचारलं, ड्रॉइंग कुठंय? त्यांची सवयच ती, ड्रॉइंग आल्याशिवाय जॉब लावायचा नाही. मी खोक्यातला कागद दाखवला, त्यावर कंपनीने दोन-तीन लेआउटची चित्रं दिली होती. हेच ड्रॉइंग म्हटलं. मामा काही बोलले नाहीत पण चेहरा कळत होता.

आता हा बॉल आतून भरीव नसतो का, तर भरीव असतो पण एकसारखा नाही. मध्ये जड कोअर असतो, बल्बसारखा किंवा वेडावाकडा, आणि त्याचं टोक कुठे आहे ते बाहेर एका रंगीत ठिपक्याने कळतं, त्याला पिन म्हणतात. भोकं पिनच्या हिशोबात कुठे पडतात त्यावर बॉल लेनवर कधी वळणार, झपकन वळणार की आरामात, हे बरंचसं ठरतं. लेआउट म्हणजे एवढंच. पण त्यात दुसरा ठिपका असतो तो बॉलवर छापलेला नसतो, तो खेळणाऱ्याच्या हातात असतो. बॉल हातातून सुटल्या क्षणी ज्या आसावर फिरतो त्या आसाचं टोक, पीएपी म्हणतात त्याला. प्रत्येकाचं वेगळं. उजव्या हाताने खेळणाऱ्याचं साधारण ग्रिपच्या, म्हणजे बोटं-अंगठ्याच्या भोकांच्या, मध्यापासून उजवीकडे ५ इंच आणि वर अर्धा इंच असं धरतात, पण धरतात म्हणजे असतंच असं नाही, आणि इथेच मी मार खाल्ला.

मी सगळ्यांचं सारखंच धरून कागदाप्रमाणे भोकं मारली. फिनिशिंग एक नंबर. गृहस्थ खूश, मी पण त्यांच्याबरोबर लेनवर गेलो बघायला. पहिलाच बॉल टाकला आणि टक टक टक टक असा आवाज करत गेला शेवटपर्यंत. बॉल ज्या पट्ट्यावर घरंगळत होता तो पट्टा बोटांच्या भोकांच्या कडेवरून जात होता. लेनवर तेल लावलेलं असतं, बॉल परत आला तेव्हा त्या तेलाच्या रिंगा बघितल्या, एक रिंग बरोब्बर मधल्या बोटाच्या भोकाला चाटून गेलेली. त्यांचा ट्रॅक, म्हणजे हा घरंगळायचा पट्टा, भोकांच्या खूप जवळचा होता, पीएपी साडेपाच इंचाच्या पुढे, आणि मी विचारलंच नव्हतं. ते बिचारे काही बोलले नाहीत, उलट म्हणाले होतं असं. मी घरी येऊन बायकोला सांगितलं की वीसेक हजार गेले, ती आमचे हिशोब बघते, तिने वहीत लिहिलं "शिक्षण". तो खर्च आजही त्याच नावाने आहे. बॉल मी ठेवून घेतला, त्यांना नवीन मागवून दिला. जुन्याची भोकं रेझिनने भरली, रात्रभर सुकू दिली, परत मारली, आणि असं त्या एका बॉलवर किती वेळा केलं ते विचारू नका. तो अजून गाळ्यात आहे, चाळणी झालीय.

त्यानंतर नियम केला की गिऱ्हाइकाचा हात बघितल्याशिवाय ड्रिल नाही. आधी जुन्या बॉलवर रिंग आखून अंदाजे पीएपी काढायचा, तिथे पांढऱ्या टेपचा छोटा तुकडा चिकटवायचा आणि टाकायला लावायचं, मागून मोबाईलवर स्लो मोशन. सुरुवातीला टेप एका जागी गप्प राहिली तर पीएपी बरोबर. गोल गोल फिरताना दिसली तर तुकडा सरकवा, परत टाका. कधी दोनदा होतं, कधी आठदा. लोक कंटाळतात, म्हणतात दादा तुम्ही मारा ना, मला यूट्यूबवरचा अमका लेआउट पाहिजे. अरे पण तो त्याच्या हाताचा आहे ना.

मग पिन पीएपीपासून किती लांब ठेवायची. आम्ही जुन्या पद्धतीने सुतात बोलतो, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पिन ३ इंच ३ सुतावर ठेवली की बॉल सगळ्यात जास्त फ्लेअर होतो, म्हणजे प्रत्येक फेरीला कोरडा भाग लेनला लागतो आणि पकड जास्त मिळते. ६ इंच ६ सुतावर नेली की फ्लेअर जवळपास संपला. पीएपीच्या अगदी जवळ आणली तरी तेच. बाकी सगळं या मधलं. वेड्यावाकड्या कोअरच्या बॉलला अजून दोन कोन धरावे लागतात, मग लेआउट ५० अंश, साडेचार इंच, ३० अंश असा तीन आकड्यांत लिहितात. पहिला कोन छोटा तर बॉल लवकर रोल पकडतो, शेवटचा छोटा तर पुढे जाऊन वळण टोकदार. हळू टाकणारा आणि भरपूर फिरवणारा माणूस असेल तर त्याला आम्ही जोरदार लेआउट देतच नाही, बॉल अर्ध्या लेनमध्येच दमून जाईल. आणि खरं सांगू का, लेआउटपेक्षा जास्त फरक वरच्या कव्हरने आणि त्याच्या फिनिशने पडतो, ५०० ग्रिटचा खरखरीत पॅड मारला की २००० चा बारीक, यावर. लोकांना हे आवडत नाही कारण लेआउट भारी वाटतो ऐकायला. स्पेअरसाठीच्या, म्हणजे पहिल्या फेकीत उरलेल्या खुंट्या पाडायच्या, प्लास्टिक बॉलला तर लेआउटवर डोकं घालवूच नका, तो सरळच जायला घेतलाय.

लेआउटच्याही आधी फिटिंग. ठाण्याच्या दमट हवेत अंगठा सकाळी एक मापाचा आणि संध्याकाळी दुसऱ्या, त्यामुळे आम्ही अंगठ्याचं माप दोनदा घेतो, इंचाच्या चौसष्टाव्या भागापर्यंत. थोडं सैल ठेवून आत टेप लावायला सांगतो. घट्ट झालं की माणूस बॉल सोडायलाच घाबरतो, मग कसला लेआउट.

लॉकडाउनमध्ये सगळं बंद. त्याच काळात १ ऑगस्ट २०२० पासून अमेरिकेतल्या यूएसबीसीने, म्हणजे तिथल्या बॉलिंगचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने, बॅलन्स होल बंद केलं. आधी कसं, लेआउट थोडा चुकला किंवा बॉल एका बाजूला जड झाला की चौथं भोक मारून जुळवून घेता यायचं. आता मारलेलं प्रत्येक भोक टाकताना पकडायला वापरलंच पाहिजे. बदल्यात बाजूच्या वजनात ३ औंसापर्यंत फरक चालतो, आधी त्यात फारच कडक होते. लेन उघडल्यावर मामा आणि मी जुन्या बॉलची चौथी भोकं भरत बसलो होतो, जवळजवळ तेवढंच काम होतं तेव्हा. पण एक झालं, चुकीला झाकण उरलं नाही, मापं आधीच नीट घ्यावी लागतात. मामांना हा नियम फार आवडला.

दोन हातांनी टाकणारी पोरं आता खूप येतात, ऑस्ट्रेलियाच्या जेसन बेलमॉन्टेला बघून, तो दोन हातांनीच टाकतो. यांचा अंगठा भोकात जात नाही, म्हणून अंगठ्याचं भोक मारायचंच नाही. एकाच्या वडिलांनी हट्ट धरला, असू दे ना पुढेमागे उपयोगी पडेल. काका, स्पर्धेत चालणार नाही असं मी तीन वेळा सांगितलं. शेवटी मामांनी सांगितलं तेव्हा पटलं, पांढऱ्या केसांचा फायदा.

आता निम्मं काम अजूनही जॉबवर्कच आहे, बॉलवर घर चालत नाही आणि चालतं असं कोणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका. पण शनिवारी संध्याकाळी गाळ्यात बॉलवाल्यांचीच गर्दी असते. कळव्याची एक डावखुरी मुलगी आहे, कॉलेजला. तिने खोक्यातला कागद आरशात धरून उलटा करून स्वतःचा लेआउट काढून आणला होता. मामा बघून एवढे खूश झाले की चहा मागवला. मुलगी ड्रॉइंग घेऊन आली म्हणाले. मी म्हटलं मामा, ड्रॉइंग उलटं केलंय पण पीएपी मोजलाय कुठे. तिचा नवा बॉल अजून खोक्यातच आहे, रविवारी लेनवर भेटायचं ठरलंय, टेपचा रोल मी बॅगेत टाकलाय.