आमची वाटचाल : पाट्यापासून लिंकपर्यंत

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या शेडमध्ये आलात की समोरच्या भिंतीवर, खिळ्याला लटकवलेला एक वाकडा ब्रॅकेट दिसेल. दहा मिलीमीटरची प्लेट आहे. वेल्डिंग अजून शाबूत आहे, नाण्यांची चळत आडवी केल्यासारखी लाटेवर लाट. आणि त्या वेल्डिंगच्या तळाला चिकटून आलेला बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, टवका, करड्या दाण्याचा. कामाला येणाऱ्या प्रत्येक पोराला पहिल्या दिवशी मी तो हातात घेऊन बघायला लावतो. जीपचे मागचे पाटे काढून त्याजागी लिंका बसवायच्या आमच्या धंद्याची हकीकत सांगायची तर त्या टवक्यावरच सांगावी लागेल.

वडील पाटेवाले. हायवेला त्यांचं दुकान होतं. ट्रकचे पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, उतरवायचे, बसलेला पाटा भट्टीत लाल करून घणाखाली पुन्हा कमान द्यायची, तेलात बुडवायचा, सेंटर बोल्ट घालून संच बांधून द्यायचा. माझं लहानपण त्या तेलाच्या धुरात गेलं. २००४ साली मी उद्यमबागेत शेड घेतली आणि हायड्रॉलिक सिलिंडरच्या टोकाचे डोळे, म्हणजे पिन घालायच्या कड्या, करून देण्याचं जॉबवर्क धरलं. बेळगावात हे काम कधी संपत नाही. पोट भरत होतं. त्या वर्षांबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

२०१२ च्या पावसाळ्यात जांबोटीकडचे एक काजूवाले काका त्यांची महिंद्राची ५४० जीप घेऊन आले. कणकुंबीच्या अंगाला जमीन, पाऊस म्हणजे आभाळ फाटल्यासारखा, आणि बागेत वर जायला लाल जांभ्याची पायरी-पायरीची वाट. दर पावसाळ्यात एक्सलला फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस तुटायचा. काका म्हणाले, "मेस्त्री, क्रॉस बदलून बदलून कंटाळलो. रोग कुठं आहे ते सांगा की."

रोग पाट्यात होता. पाट्याला दोन कामं असतात, गाडीचं वजन पेलायचं आणि एक्सल जागेवर धरून ठेवायचा. लो गिअरमध्ये चढावर जोर पडला की चाक पुढं फिरतं आणि हाउसिंग, म्हणजे एक्सलचं कवच, उलटं पिळायला बघतं. पाटा त्या पिळानं इंग्रजी एस अक्षरासारखा वाकतो, पिनियन, म्हणजे हाउसिंगचं शाफ्ट जोडायचं पुढचं टोक, नाक वर करतो, क्रॉसचा कोन बिघडतो. मग पाटा एकदम सुटतो, गाडी मागून उड्या मारते, आणि त्या धडक्यात क्रॉस जातो. वडिलांना हे पन्नास वर्षं माहीत होतं. ट्रकवर ते जादा पाटा टाकायचे. पण चढावर एक चाक वर आणि एक खाली जायला हवं असेल तर जादा पाटा टाकून चालत नाही, गाडी लाकडासारखी ताठ होते.

म्हणून कामाची वाटणी करायची. वजन कॉइल स्प्रिंगवर, आणि एक्सल धरायला चार लिंका, म्हणजे दोन्ही टोकांना सांधा असलेले दांडे. दोन खालच्या, चेसिसपासून एक्सलपर्यंत जवळजवळ सरळ. दोन वरच्या, चेसिसवर लांब लांब आणि डिफरेन्शियलच्या, म्हणजे एक्सलच्या मधल्या गोळ्याच्या, डोक्यावर जवळ येणाऱ्या, त्रिकोणासारख्या. त्या त्रिकोणामुळं एक्सल डावी-उजवीकडे सरकत नाही, वेगळा आडवा दांडा लागत नाही. चढावर खालच्या लिंकांवर दाब येतो, वरच्यांवर ओढ. हे मी पुस्तकात वाचलेलं, बाहेरच्या गाड्यांचे फोटो बघितलेले. हातानं केलेलं नव्हतं. काकांना तसं स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, "माझ्याच गाडीवर शिका."

इथं मामांचं सांगायला हवं. सख्खे मामा नव्हेत, पलीकडच्या शेडचे लेथवाले. त्यांच्या जुन्या लेथवर मी कधी घाईचं काम बघितलं नाही. लिंकच्या एका टोकाला सरळ आटे आणि दुसऱ्याला उलटे आटे लागतात, म्हणजे पाइप जागेवरच फिरवला की लांबी कमी-जास्त होते आणि पिनियनचा कोन लावता येतो. तीस मिलीमीटरला दोनचा पिच. उलटे आटे पाडताना मामा रेडिओ बंद करायचे. शेवटचा काप घेतल्यावर नट हातानं चढवायचे, बोटांनी फिरवत अगदी तळापर्यंत, आणि कुठं अडकला नाही की कापूस गुंडाळून माझ्या हातात द्यायचे. पहिल्या चार लिंकांची मजुरी त्यांनी घेतली नाही. म्हणाले, "गाडी चढली की घेईन."

मापाला तीन आठवडे गेले. चेसिस स्टँडवर घेऊन पाणपातळीनं चारी बाजू समान केली. वडिलांचा पितळी ओळंबा चेसिसच्या मूळ भोकांतून खाली सोडला आणि फरशीवर खडूनं मधली रेघ मारली. पुढची सगळी मापं त्या रेघेवरून. पाटे काढून एक्सल दोन जॅकवर उभा केला. आधी लाकडी पट्ट्यांच्या लिंका, टोकाला बोल्ट. एक बाजू पूर्ण वर, दुसरी पूर्ण खाली, मग उलट, मग दोन्ही वर. प्रत्येक वेळी बघायचं, टायर कुठं घासतो, सायलेन्सर कुठं आडवा येतो, शाफ्टचा सरकता तुकडा बाहेर निघून तर येत नाही ना, शॉकअप कॉइलच्या आधी संपतो की नंतर. टाके मारायचे, पुन्हा फिरवायचं, टाके तोडायचे. आमचा गोकाककडचा वेल्डर दर टाक्याला कानडीत "हौद्री", होय जी, म्हणायचा आणि मी तोड म्हटलं की न बोलता ग्राइंडर उचलायचा.

सप्टेंबरात गाडी चढली. एकदाही उडी नाही. मामांनी मजुरी घेतली, आणि पेढेही.

२०१४ पासून गोव्यात पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही चिखल-जंगलातली गाड्यांची स्पर्धा भरायला लागली आणि आमच्याकडे कोल्हापूर, गोवा, हुबळीच्या गाड्या येऊ लागल्या. तेव्हा आमच्याकडे एक जण होता. वर्षभर आधी हेल्पर म्हणून आलेला, पण डोकं तल्लख, हात चांगला. मी त्याला जेवायला घरी न्यायचो. गिऱ्हाइकांशी बोलायला पुढं करायचो. मापांची वही त्याच्या हाती दिली. २०१५ च्या गणपतीनंतर तो गेला, आणि दोन महिन्यांत नाक्यापलीकडे त्याचा बोर्ड लागला. वहीची झेरॉक्स त्याच्याकडे होती हे मला गिऱ्हाइकानंच सांगितलं, माझ्या अक्षरातला कागद दाखवून.

आता तो टवका.

जून २०१६. काकांनी गाडीला जास्त ताकदीचं इंजिन टाकलं होतं आणि एकतीस इंची टायर. त्यासाठी वरचे ब्रॅकेट मी नव्यानं केले. ५४० च्या मागच्या हाउसिंगचा मधला गोळा बिडाचा असतो आणि दोन्ही बाजूंच्या नळ्या पोलादी, त्यात दाबून बसवलेल्या. वरच्या लिंका मधे जवळ यायला हव्यात, म्हणून ब्रॅकेट मी थेट त्या गोळ्यावर जोडले. सीओटू वेल्डिंगवर, साध्या पोलादी तारेनं. दिसायला सुरेख झालं. भरवस्तीत फाउंड्र्या असलेल्या गावात राहून मी बिडावर पोलादाची तार चालवली. वेल्ड माझाच होता, हे मी कधी नाकारलं नाही.

जांबोटीच्या पुढे त्यांच्याच जमिनीत, जांभ्याच्या पायरीवर, मागच्या चाकाला एकदम पकड मिळाली आणि फटाक्यासारखा आवाज झाला. उजवा ब्रॅकेट बिडाचा टवका घेऊन उपटून आला. वरची लिंक गेली म्हणजे एक्सल धरणारं अर्धं गेलं. हाउसिंग पिळलं, पिनियन वर जाऊन गाडीच्या तळाच्या पत्र्यावर आदळला, शाफ्ट तुटून लोंबकळला, आणि एक्सल सरकून डावा टायर बॉडीला घासत थांबला. पाऊस तसाच कोसळत होता. काका दरवाजाला धरून उभे, मी चिखलात गाडीखाली. कुणाला लागलं नाही, देवाची कृपा. गाडी टेम्पोत घालून रात्री दोनला शेडमध्ये आणली. काकांनी विचारलं ते एवढंच, "किती दिवसांत जोडून देताय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वहीवाला आला. म्हणाला, ऐकलं म्हणून आलो, काही मदत लागली तर सांगा. मी चहा मागवला. तो गाडीखाली गेला, वाकून बघितलं, चहा घेऊन गेला. संध्याकाळी त्या ब्रॅकेटचा फोटो गाडीवाल्यांच्या प्रत्येक ग्रुपवर होता, माझ्या शेडच्या नावासकट. माझ्याच फरशीवर, माझी खडूची रेघ मागं दिसत होती. आठवड्यात पाच ऑर्डरी गेल्या. दोन जणांनी ॲडव्हान्स परत मागितला, तो मी त्याच दिवशी दिला. मशीनच्या कर्जाचा हप्ता दोनदा चुकला. घरच्यांनी पाटल्या काढून दिल्या. नऊ वर्षं झाली, पण त्या चहाचं मला अजून विसरता येत नाही, आणि विसरावं असं वाटतही नाही.

टवका घेऊन मी मागच्या गल्लीतल्या फाउंड्रीच्या वयस्कर मुकादमांकडे गेलो. त्यांनी भिंगाखाली धरला. वेल्ड तुटलेला नव्हताच, वेल्डच्या कडेचं बीड फुटलं होतं. बिडात कार्बन भरपूर. थंड गोळ्यावर गरम वेल्ड पडला की कडेचा भाग एकदम निवतो आणि काचेसारखा ठिसूळ होतो. बिडाला जोडायचंच तर सगळा गोळा आधी तापवायचा, निकेलचा रॉड वापरायचा, हळूहळू टाके मारायचे आणि राखेत किंवा चुन्यात गाडून निववायचा. ते म्हणाले, "पण तुम्हाला बिडाला हात लावायची गरज काय? वरून पूल घाला."

तो पूल आजही आमच्या प्रत्येक गाडीत असतो. आठ मिलीमीटरच्या प्लेटची कमान, एका पोलादी नळीपासून दुसऱ्या नळीपर्यंत, गोळ्याच्या डोक्यावरून. वरचे ब्रॅकेट पुलावर, वेल्ड फक्त नळ्यांवर. त्यातही एका दमात वेल्ड ओढला तर नळी धनुष्यासारखी वाकते आणि चाकं तिरकी बसतात. म्हणून इंचभर इकडे, इंचभर तिकडे, हात लावता येईल इतकं निवू द्यायचं. हब ते हब सरळ सळई आरपार घालून दर अर्ध्या तासाला बघायचं. रॉड भट्टीतून काढलेला कोरडाच हवा. बेळगावच्या पावसात उघड्या पुड्यातल्या रॉडनं वेल्ड केला तर ती भेग आज नाही, सहा महिन्यांनी दिसते. काकांच्या पुलाला अकरा दिवस लागले. मी पैसे घेतले नाहीत. मामांनी त्या तीन महिन्यांत माझं एकही बिल लिहिलं नाही, आणि मी विचारलं तर लेथचा आवाज वाढवायचे.

त्यानं मात्र वहीतली लांबी घेतली, उंची घेतली नाही. एक्सलवर वरच्या आणि खालच्या लिंकमध्ये टायरच्या उंचीच्या साधारण चौथा हिस्सा अंतर लागतं, एकतीस इंचाला जवळजवळ आठ. पूल घालायचा खर्च वाचवायला तो चार इंचांवर भागवायचा. अंतर निम्मं केलं की वरच्या लिंकवरची ओढ दुप्पट होते, हे त्याला मी स्वतः फरशीवर खडूनं काढून दाखवलं होतं. पाइपही बिनशिवणीच्या सीमलेसऐवजी शिवणीचा. भाव आमच्या निम्मा. गिऱ्हाईक निम्म्या भावाला भुलतं, त्याला दोष नाही. त्याच्या अकरा गाड्या आजवर आमच्याकडे येऊन गेल्यात. एकीचाही फोटो मी कुठं टाकलेला नाही.

नंतरची वर्षं बरी गेली. जीएसटी आला आणि सीमेपलीकडून पाइप आणणं सोपं झालं. कोविडमध्ये नाका बंद झाला तेव्हा शेड बंद. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं कंपनीच्या मूळ बनावटीत फेरफार केलेल्या गाडीबद्दल निकाल दिला, तेव्हापासून आम्ही रस्त्यावर चालवायच्या गाडीचं हे काम घेत नाही. स्पर्धेच्या आणि खासगी जमिनीवरच्या गाड्याच. काहींना राग येतो. २०२० च्या नव्या थारला मागं कॉइल आणि लिंका कंपनीच देते, ती घ्या असं मी सांगतो, आणि गिऱ्हाईक गेलं तरी सांगतो.

घरी करणाऱ्या पोरांना चार गोष्टी. टोकाला उघडे गोळ्याचे रॉडएंड लावू नका, आपल्या लाल चिखलात एका पावसाळ्यात खडखडायला लागतात. खालच्या लिंकला रबरी किंवा पॉलीचा बुश बरा. लिंक दगडावर आपटणारच, त्यामुळं खालचा पाइप दोन इंची आणि सहा मिलीमीटर जाडीचा घ्या, तिथं काटकसर करू नका. लिंकांच्या रेषा बाजूनं बघताना पुढं फार जवळ मिळाल्या तर चढावर मागचा भाग वर उचलतो आणि पुन्हा त्याच उड्या सुरू होतात, मग पाटेच काय वाईट होते? आणि कॉइल अंदाजानं विकत घेऊ नका. ऊसवाल्यांच्या काट्यावर जा. आधी पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं काट्यावर. काटेवाला हसेल, हसू दे.

गेल्या आठवड्यात काका येऊन गेले. आता गाडी त्यांचा मुलगा चालवतो, ते शेजारी बसतात. पुलाला टॉर्च लावून प्रत्येक वेल्ड बघितला, तडा नाही. चार बुश बदलले. मामांचा लेथ आता त्यांचा नातू चालवतो, उलटे आटे पाडायला मात्र मामा अजून स्वतः उभे राहतात.

नवीन काम दिवाळीनंतर घेऊ. गाडी ट्रेलरवर आणा. येताना धुऊन रिकामी करून आणू नका, जॅक, दोर, स्टेपनी, पाण्याचे कॅन, स्पर्धेला जाताना जे जे भरता ते सगळं भरून आणा. पहिल्या दिवशी आपण काट्यावरच जाणार आहोत.