पुणे ते कोइम्बतूर: मोठ्या ब्रेकांची गाडी आणि न बसणारी स्टेपनी

कोइम्बतूरच्या रेसिंग ट्रॅकवर गाडी पळवायची म्हणून पहाटे साडेचारला घर सोडलं आणि खेड शिवापूरच्या टोलनाक्यावरच नव्या ब्रेकांनी घाम फोडला. जानेवारीची थंडी, ब्रेकचे पॅड (चाकाची डिस्क, म्हणजे चकती, दोन्हीकडून आवळणारे तुकडे) गार पडलेले. नेहमीच्या अंदाजाने पेडलवर पाय ठेवला, तर गाडी आपली चाललीच आहे. दुसऱ्यांदा नेट लावून दाबला तेव्हा थांबली, समोरच्या इनोव्हापासून हातभर अंतरावर. शेजारी बसलेल्या मित्राने थर्मासचं झाकण लावत विचारलं, "ब्रेक वाढवून घेतलेत ना रे तू?"

वाढवूनच घेतले होते. फक्त पॅड ट्रॅकचे होते आणि ते मी आळसापोटी घरूनच बसवून निघालो होतो. असे पॅड तापल्याशिवाय नीट धरत नाहीत. ट्रॅकवर पहिल्या फेरीतच तापतात. हायवेवर तासभर ब्रेकला हात न लावता गेलात की गार ते गारच. वर आवाज असा, की कोल्हापूरच्या अलीकडे नाश्त्याला हॉटेलात वळलो तेव्हा बाहेर उभे असलेले सगळे आमच्याकडे वळून बघायला लागले. एसटी थांबताना करते त्याच्या वरचढ.

गाडी २०१८ची पोलो जीटी टीएसआय. १.२ लिटरचं टर्बो इंजिन, १०५ पीएस, सात गिअरचा डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. आमच्या चाकणलाच तयार झालेली, त्यामुळे प्रेम जरा जास्त. ट्रॅकच्या हिशेबात ही काही रॉकेट नाही. पण मागच्या वर्षी याच गाडीने कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर पाचव्या फेरीला मला जे दाखवलं, त्यामुळे हा सगळा खर्च झाला. सरळ पट्टा संपताना ब्रेक दाबला आणि पेडल ओल्या स्पंजात पाय घातल्यासारखं खाली गेलं. पुन्हा दाबलं, अर्ध्यावर काहीतरी लागलं, तिसऱ्यांदा धरलं. तोवर वळण निघून गेलं होतं आणि मी गवतात होतो. गाडीला ओरखडा नाही. मला मात्र खाली उतरून उभं राहायला वेळ लागला.

ब्रेक 'जातो' तो दोन तऱ्हांनी, आणि कुठल्या तऱ्हेने गेला हे पायालाच कळतं. पेडल दगडासारखं कडक, पण गाडी थांबत नाही, म्हणजे पॅड त्यांच्या मर्यादेबाहेर तापलेत. पेडलच खाली जातंय, म्हणजे ब्रेक ऑइल उकळलं आणि पाइपात वाफ झाली. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही, एवढंच. माझं दुसऱ्या प्रकारचं होतं. ऑइल तीन वर्षं बदललेलं नव्हतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. नव्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो. तेच पाणी प्यायल्यावर किमान १५५ वर येतो. आपल्याकडचा पावसाळा बघता तीन वर्षांत ते किती प्यायलं असेल, कल्पना करा.

आणि उष्णता किती, तर माणसं धरून १२०० किलोची गाडी १३० वरून ६० वर आणताना ब्रेकमध्ये साधारण सहा लाख ज्यूल जातात. दोन लिटर पाण्याला साध्या तापमानापासून उकळी येईल एवढे. एका वळणासाठी! करीची फेरी २.१ किलोमीटरची, माझ्यासारख्याला दीड मिनिटाच्या आसपास लागतो, आणि असा जोरात ब्रेक एका फेरीत तीन-चारदा लागतो. त्यातला मोठा वाटा पुढच्या दोन डिस्क उचलतात.

तेव्हा अक्कल अशी सुचायला हवी होती की आधी ऑइल बदलावं. सुचली अशी, की पुढे मोठ्या डिस्क घालाव्यात. कंपनीच्या पुढच्या डिस्क २५६ मिलिमीटरच्या. त्यांच्या जागी २८८ च्या, जाडीही २२ ऐवजी २५, आणि त्याला लागणारे कॅलिपर (पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणारा भाग) व ब्रॅकेट. फोक्सवॅगन-स्कोडाच्या मोठ्या गाड्यांचंच हे सामान, आणि पिस्टनचा व्यास तोच ५४ मिलिमीटर असल्यामुळे मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की ऑइल पुढे ढकलणारा पंप, बदलावा लागत नाही. म्हणून पोलोवाल्यांत हा उद्योग लोकप्रिय आहे. सोबत स्टीलच्या जाळीचे होजपाइप, ट्रॅकचे पॅड आणि ३१२ अंशांना उकळणारं रेसिंगचं ऑइल. सगळं मिळून चाळीस हजारांच्या वर गेलं.

सिंहगड रोडवरच्या ज्या काकांकडे गाडी असते, त्यांनी काम केलं, पण नाखुशीने. चाक लावता लावता म्हणाले, "डिस्क एवढी मोठी केलीस, पण रस्त्याला धरतो कोण? टायर ना? ते जुनेच ठेवलेत तू." मी हसण्यावारी नेलं.

रस्त्याबद्दल थोडक्यात. सातारा ते कोल्हापूर पट्ट्यात कामं आणि वळणरस्ते धरूनच वेळ काढा. निपाणीपासून पुढे रस्ता छान. पहिला मुक्काम तुमकूर. बंगळुरूत संध्याकाळी शिरण्यापेक्षा अलीकडे झोपलेलं बरं.

घोळ झाला चित्रदुर्गच्या अलीकडे. पुढचं डावं चाक पंक्चर. पोलोची अलॉय १६ इंची, स्टेपनी १५ इंची लोखंडी. काढली, लावायला गेलो, तर आत बसेचना. नवा कॅलिपर रिमला घासत होता. चाक हातानेही फिरेना. मोठा ब्रेक घातला तेव्हा स्टेपनी पुढे लावून बघण्याचं ना काकांना सुचलं, ना मला. शेवटी मागचं डावं अलॉय काढून पुढे लावलं आणि स्टेपनी मागे, कारण तिथे डिस्क नाही, ड्रम ब्रेक आहे. एका पंक्चरसाठी दोनदा जॅक, तोही ट्रक अंगावरून जात असताना. तुम्ही मोठ्या डिस्क घालणार असाल तर गॅरेजमधून निघण्याआधी स्टेपनी पुढच्या चाकाच्या जागी लावून एकदा फिरवून बघा. दहा मिनिटांचं काम आहे.

दुसऱ्या दिवशी धर्मपुरीच्या पुढे तोप्पूरचा घाट लागतो. सेलमकडे जाताना तो उताराचा आहे आणि ट्रकांच्या अपघातांसाठी कुप्रसिद्ध. काचा बंद असूनही ट्रकांच्या जळक्या ब्रेक लायनरचा वास आत येत होता. पुण्यातल्या नवले पुलाच्या उताराचा वास, अगदी तोच. तिथे गिअर हाताने तिसऱ्यावर आणला आणि ब्रेक जवळजवळ वापरलाच नाही. कितीही भारी ब्रेक असू देत, उतारावर पाय टेकवून बसायचं नसतं.

करी स्पीडवे शहराबाहेर चेट्टिपालयमला आहे. फॉर्म्युला मारुती गाड्या घडवणाऱ्या एस. करिवर्धन यांचं नाव त्याला दिलंय, आणि २००३ पासून तिथे शर्यती होतात. ट्रॅक अरुंद, वळणांचा, सरळ पट्टे छोटे. म्हणजे ब्रेकला श्वास घ्यायला जागाच नाही. पेट्रोल गावातच पूर्ण भरून या. ट्रॅकवर माझ्या गाडीने लिटरला पाचच्या आसपास दिलं. हेल्मेट, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, बंद बूट. आणि विम्याची पॉलिसी वाचून या: शर्यत आणि वेगाची चाचणी आपल्याकडच्या मोटर पॉलिसीत चक्क वगळलेली असते. तिथे ठोकलीत तर खिशातून.

पहिल्या सेशनला सहा फेऱ्या. पेडल पहिल्या फेरीला जिथे होतं तिथेच सहाव्याला. इन्फ्रारेड थर्मामीटरने बघितलं तर गार करण्याची फेरी मारून आल्यावरही पुढची डिस्क ३१० अंश, मागचा ड्रम जेमतेम ११०. मी खूश. दुसऱ्या सेशनला ठरवलं, आता ब्रेक उशिरा दाबायचा. दाबला, आणि पायाखाली एबीएसची धडधड, म्हणजे टायर घसरायला लागले की चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा जागी झाली. आणखी उशिरा दाबला, तीच धडधड आणि गाडी वळणाबाहेर सरकतेय. ब्रेक दाबायची खूण मागच्या वर्षी जी होती, त्याच्या पुढे मी चार-पाच मीटरसुद्धा गेलो नाही. चाकाला थांबवण्याची ताकद जुन्या डिस्कमध्येही पुरेशी होती, गाडीला थांबवतो तो टायर. काका बरोबर होते आणि हे त्यांना सांगायचं नाही असं मित्राकडून वदवून घेतलं.

म्हणजे चाळीस हजारांचं काय मिळालं? गाडी लवकर थांबत नाही, पण विसाव्या वेळीही पहिल्या वेळेसारखीच थांबते. एवढंच, आणि ट्रॅकवर ते फार मोठं आहे. पण तेच कमी पैशांत मिळतं का, याचं उत्तर शेजारच्या खोपटात उभं होतं. बंगळुरूहून आलेला एक जण, तीच गाडी, कंपनीच्याच डिस्क. त्याने फक्त ऑइल, होजपाइप आणि पॅड बदलले होते, माझ्या निम्म्यापेक्षाही कमी पैशांत. दिवसभर तो माझ्याच वेळा काढत होता. शेवटच्या सेशनला त्याचं पेडल थोडं लांबलं आणि पॅडचा वास यायला लागला, तेव्हा तो शहाण्यासारखा एक फेरी आधी आत आला. मी पुन्हा सुरुवात केली तर क्रम हाच: ऑइल, पॅड, टायर, आणि हे सगळं कमी पडलं तरच डिस्क. मागे ड्रम काढून डिस्क बसवायच्या गप्पा तर सोडूनच द्या, थर्मामीटरवरचे ११० अंश बोलतात.

सेशन संपला की शेवटची फेरी ब्रेक न लावता मारा. आत येऊन उभं राहिल्यावर पाय पेडलवरून काढा, नाहीतर तापलेला पॅड डिस्कवर छाप सोडतो आणि मग स्टिअरिंग थरथरतं. हँडब्रेकही नको, गाडी पार्कमध्ये टाका आणि चाकाला वीट लावा. चाकांचे बोल्ट गार झाल्यावर टॉर्क पान्याने १२० एनएमला तपासा.

निघायच्या आधी तिथेच पॅड बदलून घरचे साधे लावले. दोन्ही बाजू मिळून पाऊण तास. पिस्टन मागे ढकलताना वरच्या टाकीतून ऑइल उतू येतं आणि ते रंग खातं, म्हणून भोवती फडकं गुंडाळा. काम झाल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल चार-पाचदा दाबून वर आणा. पहिला दाब रिकामाच जातो, आणि तेव्हा समोर भिंत असू नये. पॅडची जात बदलली की डिस्कवर ते पुन्हा बसवावे लागतात: मोकळा रस्ता बघून ८० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा, पूर्ण न थांबता, मग दहा मिनिटं ब्रेकला हात न लावता. आम्ही अविनाशीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे हे केलं.

परतीला गाडी गप्प होती. कोल्हापूरच्या त्याच हॉटेलात वळलो, कोणी मान वर केली नाही. घरी आल्यावर काकांनी ऑइल काढलं, तर दोन महिन्यांपूर्वी पिवळसर घातलेलं, ते चहाच्या रंगाचं निघालं. स्टेपनीचं त्यांना सांगितलं. त्यांनी ती उचलली, कॅलिपरला लावून बघितली आणि काही न बोलता परत डिकीत टाकली. १६ इंची लोखंडी चाक कुठे मिळतंय का, ते आता शोधतोय.