माझं विंडोज 98 अजून चालू आहे

आमच्या आतल्या खोलीत पेन्टियम थ्री प्रोसेसरच्या जुन्या संगणकाची एक पेटी आहे आणि तिच्यावर विंडोज 98 ची सेकंड एडिशन चालते. मायक्रोसॉफ्टनं तिचा सपोर्ट 11 जुलै 2006 ला बंद केला. घरी येणारी तरुण मंडळी विचारतात, "काकू, हे अजून कशाला ठेवलंय?" त्याचं उत्तर चहा संपेपर्यंत सांगून होत नाही, म्हणून इथे नीट लिहिते.

मी पुण्यात नारायण पेठेत डीटीपी करायचे, म्हणजे छपाईसाठी संगणकावर पानं जुळवायचे. दिवाळी अंक, स्मरणिका, कवितासंग्रह, प्रबंध, लग्नपत्रिका, सगळं पेजमेकर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये. युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना ठरलेले क्रमांक देणारी एकच पद्धत. तिच्यात देवनागरीला 1991 मध्येच जागा मिळाली होती, पण विंडोजमध्ये ती नीट आली विंडोज 2000 बरोबर, र. कृ. जोशींनी रेखलेला मंगल फॉन्ट घेऊन. पेजमेकरला तर युनिकोड कधीच कळलं नाही. त्यामुळे आम्ही छपाईवाले पुढेही कित्येक वर्षं श्रीलिपी, आकृती, आयएसएम या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टवरच काम करत राहिलो.

या फॉन्टची युक्ती समजली की माझ्या पेटीचं कारण समजतं. आठ बिटांत 256 जागा. त्यातल्या काही संगणकाला स्वतःलाच लागतात. उरलेल्या जागांवर, जिथे एरवी इंग्रजी अक्षरं आणि युरोपातली टिंबं-टोप्यांची अक्षरं असतात, तिथे मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले: काना, वेलांट्या, अर्धा त, अर्धा स, रफार, क्ष, ज्ञ. म्हणजे फाइलमध्ये मराठी अशी नसतेच, तुकड्यांचे क्रमांक असतात. कुठल्या क्रमांकावर कुठला तुकडा, हे प्रत्येक कंपनीनं आपापलं ठरवलेलं. फॉन्ट असेल तर पडद्यावर ओवी दिसते, नसेल तर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. महाराष्ट्रात छापलेलं पंधरा-वीस वर्षांचं वाङ्मय अशा फाइलींमध्ये पडून आहे, आणि ही गोष्ट मला मनापासून अस्वस्थ करते.

"कन्व्हर्टर आहेत की" असं लगेच कुणीतरी म्हणतं. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे हे प्रोग्राम आहेत, आणि मी ते रोज वापरते. पण जुन्या फॉन्टमध्ये ह्रस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, कारण ती आधी दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचं बरोबर उलट. कन्व्हर्टरला ही सगळी उलथापालथ करावी लागते आणि साध्या मजकुरात तो ती करतोही. अडतं ते जोडाक्षरांत. 'दऱ्या'चा 'दर्या' होतो आणि सह्याद्रीत समुद्र शिरतो. शुद्धलेखन तपासनीस तो पकडत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबरच आहेत. अशा जागा सापडायच्या तर मूळ पान जसं जुळवलं होतं तसं शेजारी उघडं हवं. ते पान फक्त या पेटीवर उघडतं. पेजमेकरच्या जागी आलेलं इनडिझाइनसुद्धा पेजमेकरच्या फाइली सीएस6 या आवृत्तीपर्यंतच उघडायचं, पुढे ती सोय गेली.

भाच्यानं सुचवलं, 86बॉक्स नावाचा प्रोग्राम घे, अख्खा जुना संगणक लॅपटॉपच्या आत उभा राहतो. खरंच उभा राहतो, सुंदर चालतो. पण माझ्या सॉफ्टवेअरला लॉक आहे. प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला लावायचा अंगठ्याएवढा ठोकळा. तो पोर्टवर नसेल तर सॉफ्टवेअर सुरू होत नाही. यूएसबीला पॅरलल जोडणारी केबल मिळते, ती प्रिंटर चालवते, पण लॉकला जे बोलणं करायचं असतं ते त्या केबलमधून जात नाही. म्हणून खरा पोर्ट हवा, आणि खरा पोर्ट म्हणजे खरा जुना बोर्ड. माझा 440बीएक्स चिपसेटचा आहे; चिपसेट म्हणजे प्रोसेसर, मेमरी आणि पोर्ट यांना जोडणाऱ्या बोर्डावरच्या चिपा. इंटेलनं 1998 साली आणलेला हा चिपसेट, आणि माझ्या मते त्या काळातला सगळ्यात भरवशाचा.

त्याला सांभाळणं हे माझं आवडीचं काम आहे. मूळ हार्ड डिस्क कुरकुरायला लागली तेव्हा तिच्या जागी कॅमेऱ्यात घालायचं कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड बसवलं, मध्ये जुन्या हार्ड डिस्कच्या आयडीई जोडणीचा साधा अडॅप्टर. आवाज नाही, उष्णता नाही. शिवाय कार्ड काढून लॅपटॉपच्या रीडरमध्ये घातलं की फाइली थेट मिळतात, कारण कार्डावरची फॅट32 ही फाइली मांडायची पद्धत आजच्या लिनक्सलाही वाचता येते आणि विंडोजलाही. रॅम 256 एमबीच ठेवलीय. जास्त घालायचा मोह होतो, पण 512 च्या वर गेलं की विंडोज 98 चा डिस्क कॅश, म्हणजे डिस्कवरची माहिती तात्पुरती मेमरीत धरून ठेवणारा भाग, स्वतःसाठी इतकी जागा राखतो की बाकीच्यांना उरत नाही, आणि मेमरी भरपूर असताना मेमरी संपल्याची तक्रार येते. सिस्टिम.आयएनआय या सेटिंगच्या फाइलीत मॅक्सफाइलकॅशची मर्यादा घातली की हे सुटतं. इंटरनेटची वायर या पेटीला लावत नाही, अजिबात नाही.

पावसाळ्यात पुण्याची हवा ओली झाली की कधीकधी पेटी नुसतीच बीप देते. रॅम काढायची, तिचे सोनेरी पाय शाळेतल्या खोडरबरानं हलके पुसायचे, परत बसवायची. बोर्डावरचे कपॅसिटर मात्र डोळ्यांत तेल घालून बघायचे: डोकं सपाट असेल तर ठीक, फुगलं असेल तर बदलायचे. तापकीर गल्लीतून आणलेले कपॅसिटर मी स्वतः डाग देऊन बसवलेत, आणि ते काम शिकले तेव्हा माझी साठी उलटली होती.

अशी मी एकटी नाही. पतसंस्थेतून निवृत्त झालेले एक स्नेही विंडोजच्या आधीच्या डॉस प्रणालीवरचं, नोंदी ठेवायचं फॉक्सप्रो 2.6 हे सॉफ्टवेअर जिवंत ठेवून आहेत. वेगवान मशीनवर ते उघडतानाच 'शून्यानं भागाकार' म्हणून बंद पडतं. सुरुवातीला ते मशीनचा वेग मोजतं, आताच्या प्रोसेसरवर ती मोजणी इतक्या लवकर संपते की गेलेला वेळ शून्य भरतो. त्यावर पॅच, म्हणजे दुरुस्तीचा छोटा प्रोग्राम, आहे, तो त्यांनी लावलाय, आणि खाली फ्रीडॉस, म्हणजे डॉसचा मोफत पर्याय. जिम हॉल नावाच्या विद्यार्थ्यानं 1994 साली सुरू केलेला हा प्रकल्प अजून चालू आहे, 2025 मध्ये त्याची 1.4 आवृत्ती आली. कुणी पगार देत नसताना माणसं इतकी वर्षं एखादी प्रणाली जपतात, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मध्यंतरी एका बाईंचा फोन आला. वडिलांनी मावळात फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या, पुस्तक छापायचं राहिलं, ते गेले. घरात फ्लॉपींचा डबा. "काकू, यातून काही निघेल का हो?"

"डबा जसा आहे तसा आणा," म्हटलं, "आणि एकही फ्लॉपी कुठे घालून बघू नका."

कारण फ्लॉपीच्या चकतीवर बुरशी धरलेली असते. ती तशीच ड्राइव्हमध्ये फिरवली तर चकतीही खरवडते आणि ड्राइव्हचं हेडही खराब होतं. प्लॅस्टिकचं कवच उघडून, चकती आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसून, वाळवून, दुसऱ्या स्वच्छ कवचात घालून मग वाचायची. बहुतेक वाचल्या. दळणाच्या ओव्या मिळाल्या, भावाबहिणीच्या मिळाल्या. पंढरीच्या वारीच्या प्रकरणाची फ्लॉपी चकतीवरचा थर सुटल्यामुळे गेली. फॉन्टही त्याच डब्यात निघाला, ते नशीब. आम्ही दोघी शेजारी बसून पान न् पान ताडून पाहिलं. वडिलांनी कंसात लिहिलेली गावांची आणि सांगणाऱ्या बायकांची नावं पडद्यावर जशीच्या तशी आली तेव्हा त्या कितीतरी वेळ वाचतच राहिल्या. आता तो मजकूर युनिकोडमध्ये आहे.

तुमच्याकडे असा डबा असेल तर फायलींबरोबर फॉन्टच्या फाइलीही जपा, आणि कुठलं सॉफ्टवेअर, कुठली आवृत्ती, हे आठवतंय तोवर डब्यावर लिहून ठेवा. छापील प्रत असेल तर तीही टाकू नका, ताडायला तिच्याइतकं चांगलं काही नाही.

आणि मला स्वतःला एक हवंय. माझ्या बोर्डाला जोडीदार नाही. भंगारवाल्याला जुना संगणक देण्याआधी मागची बाजू बघा. पंचवीस भोकांचा गुलाबी पॅरलल पोर्ट असेल आणि पेटी पेन्टियम टू किंवा थ्रीची असेल, तर मला कळवा. पुण्यात कुठेही असलात तर मी येऊन घेऊन जाईन, आणि चालत नसली तरी चालेल.