माशी आहे पण तोंडच नाही

मी पाण्यातल्या किड्यांवर काम करते, घरच्यांच्या भाषेत "ती नाल्यातले दगड उचलते". त्या जूनमध्ये पहलगामच्या वर एका नाल्यावर सॅम्पलिंग चालू होतं. नुसतं बर्फाचं पाणी, दोन मिनिटं हात घातला की बोटं आपली वाटत नाहीत. दगड काढायचा, ट्रेवर ब्रशने घासायचा, पडेल ते अल्कोहोलच्या छोट्या बाटलीत. त्यात ड्यूटेरोफ्लेबिया नावाच्या बारीक डोंगरी माशीच्या अळ्या रोज मिळायच्या, चार-पाच मिलिमीटरच्या, दोन्ही बाजूंना सात-सात गुबगुबीत पाय आणि पायांच्या टोकाला आकडे, त्यामुळे कितीही ओढ असू दे दगड सोडत नाहीत. या कुळात हा एवढाच वंश (जीनस), त्यात जाती मात्र बऱ्याच, आणि त्याचं पहिलं वर्णन एडवर्ड्स या कीटकशास्त्रज्ञाने १९२२ मध्ये केलं ते काश्मीरच्याच माशीवरून.

पण उडणारी माशी? आठ दिवसात एक नाही. पहाटे निघतात हे वाचलेलं होतं हो, पण त्या थंडीत स्लीपिंग बॅग सोडवेना, मी आपली नाश्ता करून नऊला हजर. मग एके दिवशी काठावरच्या कोळ्याच्या जाळ्यात एक मेलेला नर दिसला, अंग तीन मिलिमीटर आणि मिशा अंगाच्या चौपट लांब. म्हटलं, बाई, कोळ्याला मिळतात आणि तुला नाही?

दुसऱ्या दिवशी पावणेचारला उठले. जरा उजाडलं तर पाण्यावर चार बोटं अंतरावर करडा धूर हलतोय असं वाटलं, ते सगळे नर, सारखे इकडून तिकडे. जाळं फिरवलं, भिंगाखाली धरलं, पंख पंख्यासारखे रुंद, आणि तोंडाच्या जागी काहीच नाही. यांना जेमतेम दोनेक तासांचं आयुष्य, खाणार कधी! एक मादी पंख टाकून दगडावरून सरळ पाण्यात उतरताना दिसली, अंडी घालायला. सातपर्यंत सगळं शांत, भोवऱ्यातल्या फेसावर नुसती मढी.

सोबतचे चाचा फ्लास्कमधून नून चाय ओतत होते. खातात काय विचारलं. म्हटलं काही नाही, तोंडच नाही.

"मग येतात कशाला?"

"लग्नाला."

चाचा इतके हसले की चहा सांडला माझ्या वहीवर, डाग अजून आहे. पुण्याला येईपर्यंत गाडीच्या हादऱ्यांनी बहुतेक नरांच्या मिशा मोडल्या, धड असे तिघंच उरले.